काय बांधायचं नाही, ते सांगा

अप्रेझलची पत्रं हातात पडली, व्हेरिएबल पे खात्यात आला, की हिंजवडी-खराडीच्या कँटीनमध्ये एक प्रश्न हळू आवाजात फिरू लागतो: ‘लीटकोड सुरू केलंस का?’ विचारणाऱ्याच्या गाठीला दहा-बारा वर्षांचा अनुभव असतो. त्याने विम्याच्या, पेमेंटच्या, नाहीतर कुठल्याशा परदेशी बँकेच्या सिस्टिम चालवलेल्या असतात, मध्यरात्री उठून सावरलेल्या असतात. आणि नव्या नोकरीची तयारी म्हणून तो आधी उघडतो काय, तर कॉलेजातली पोरं सोडवतात ती कोडी! सिनियर इंजिनियरच्या मुलाखती घेणं हा बरीच वर्षं माझ्या कामाचा भाग आहे, म्हणून सांगते: कोडी सोडवणं वाया जात नाही, पण सिनियर पदासाठी निर्णय होतो तो दुसरीकडे.

कोडिंगची फेरी असतेच आणि त्यासाठी बोटांना सराव हवाच, त्यात वाद नाही. फक्त तिथेही मी बघते ते वेगळं. साधा बायनरी सर्च घ्या. जॉन बेंटली यांनी ‘प्रोग्रामिंग पर्ल्स’मध्ये तो काळजीपूर्वक मांडला होता. २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी दाखवून दिलं, की त्या मांडणीत आणि खुद्द जावाच्या लायब्ररीत एकच चूक वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून होती. मधली जागा काढायला खालची आणि वरची हद्द मिळवून दोनने भागायचं. पण दोन्ही आकडे मोठे असले की बेरीज ३२ बिटांत मावत नाही आणि उत्तर ऋण येतं. ॲरेत शंभर कोटींहून जास्त घटक असल्याशिवाय ही चूक डोकं वर काढत नाही, म्हणून तर ती टिकली. त्यामुळे कीबोर्डला हात लावण्याआधी ‘डेटा किती मोठा असू शकतो?’ असं विचारणारा उमेदवार भेटला की मी जरा सावरून बसते.

डिझाइनच्या फेरीत प्रश्न दीड ओळीचा असतो. ‘पेमेंटची सिस्टिम डिझाइन करा.’ तो मुद्दाम अर्धवट ठेवलेला असतो. तरी दुसऱ्या मिनिटाला स्क्रीनवर चौकोन उमटू लागतात: इथे काफ्का, तिथे रेडिस, मध्ये आठ-दहा मायक्रोसर्व्हिस, सगळ्यांना कवेत घेणारा कुबरनेटिस. यूट्यूबवरचा तोच व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय हे इतक्यांदा लक्षात येतं, की पुढचा चौकोन कुठे पडणार हे मी आधीच सांगू शकते. दिवसाला व्यवहार किती, हे मात्र कोणी विचारत नाही.

मग मीच सांगते, एक कोटी. आकडा ऐकून डोळे मोठे होतात. पण दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला तर सेकंदाला सरासरी ११६ व्यवहार. गर्दीच्या वेळी दसपट धरा, बाराशेच्या आसपास. बऱ्यापैकी मशीनवरचा, नीट इंडेक्स लावलेला एक पोस्टग्रेस हे पेलतो. शेजारी एक स्टँडबाय ठेवा, बॅकअप परत चढवून बघायची सवय ठेवा. यूपीआयने ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याला एक हजार कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. एक हजार कोटी म्हणजेसुद्धा सेकंदाला सरासरी चार हजारांच्या आतच, आणि तो अख्ख्या देशाचा आकडा. सरासरीवर कोणी सिस्टिम बांधत नाही हे कबूल. धनत्रयोदशीची संध्याकाळ सरासरीला जुमानत नाही. पण तुमच्या माझ्या कंपनीचा भार या आकड्याच्या किती खाली असेल, याचा अंदाज बोटांवर करता आला पाहिजे. तो आला की अर्धे चौकोन आपोआप पुसले जातात. ज्युनियरला मी काय बांधशील ते विचारते. सिनियरने काय बांधायचं नाही ते सांगावं, आणि का नाही तेही.

मोजके चौकोन उरले, की मग एका जागी खोल उतरायचं. समजा, रिक्षातून उतरताना कोणी पैसे पाठवायचं बटण दाबलं आणि नेमकं नेटवर्क गेलं. पैसे गेले की नाही, फोनला पत्ता नाही. ॲप तीच विनंती पुन्हा पाठवतं. खात्यातून दोनदा पैसे जाऊ नयेत म्हणून काय कराल? ‘आयडेम्पोटन्सी की’ असं उत्तर येतं आणि ते बरोबर असतं: व्यवहाराला एक ओळखक्रमांक द्यायचा, तोच पुन्हा आला तर नवा व्यवहार न करता जुनंच उत्तर परत पाठवायचं. पण मुलाखत इथून सुरू होते. ही की बनवणार कोण? सर्व्हरने बनवली तर दुसऱ्या विनंतीला दुसरीच मिळेल, म्हणजे मुसळ केरात. ती फोनवरच, पहिली विनंती निघण्याआधी तयार व्हायला हवी. बरं, दोन्ही विनंत्या एकाच वेळी दोन वेगळ्या सर्व्हरवर पोचल्या तर? ‘आधी बघू, नसेल तर लिहू’ इथे फसतं, कारण दोन्ही सर्व्हर बघतात आणि दोघांनाही काही दिसत नाही. डेटाबेसमध्ये त्या कॉलमवर युनिकचं बंधन हवं. मग एकच नोंद लिहिली जाते, दुसरी आपटते. आणि बँकेकडून वेळेत उत्तरच आलं नाही तर? व्यवहार फेल म्हणून नोंदवायचा? ‘हो’ म्हणणाऱ्याने पैशाची सिस्टिम रात्री सांभाळलेली नाही, एवढं मला कळतं. टाइमआउट म्हणजे नकार नव्हे. व्यवहार पेंडिंग ठेवायचा, बँकेला स्थिती विचारत राहायची, आणि दोन्हीकडच्या नोंदी ताडून बघणारा रिकन्सिलिएशनचा जॉब रोज चालवायचा. सगळ्यात कंटाळवाणा भाग तोच, आणि त्याचं नाव स्वतःहून घेणारे फार थोडे.

वाचायचं काय, असं मला नेहमी विचारतात. मार्टिन क्लेपमन यांचं २०१७ चं ‘डिझायनिंग डेटा-इन्टेन्सिव्ह ॲप्लिकेशन्स’ जाडजूड आहे, पण त्याला पर्याय नाही. आणि अ‍ॅमेझॉनचा डायनॅमोवरचा २००७ चा शोधनिबंध. त्यांनी ठरवलं, की गिऱ्हाईक कार्टमध्ये वस्तू टाकतंय आणि सिस्टिम नाही म्हणतेय असं कधी होता कामा नये. त्याची किंमत म्हणून काढून टाकलेली वस्तू कार्टमध्ये कधीतरी परत दिसेल, हे त्यांनी मान्य केलं आणि निबंधात लिहूनही ठेवलं. काय मिळवायला काय सोडलं, हे इतक्या सरळ सांगता यावं. सोडलेली बाजू न सांगता नुसती तंत्रज्ञानाची नावं घेणारा उमेदवार माझ्या दृष्टीने कॅटलॉग वाचत असतो.

म्हणूनच तयारीचा मोठा वाटा स्वतःच्या जुन्या कामावर खर्च करावा. एखादा प्रकल्प घ्यायचा आणि आठवायचं: तेव्हा पर्याय कोणते होते, हाच का घेतला, विरोध कोणी आणि कशावरून केला, आधी किती वेळ लागायचा आणि नंतर किती. हे आठवणीतूनच, जुन्या कंपनीची कागदपत्रं घरी नेऊ नयेत आणि ग्राहकाचं नाव मुलाखतीत घेऊ नये. पुण्यातल्या सेवा-कंपन्यांतून आलेल्या हुशार माणसांची इथेच पंचाईत होते. वर्षानुवर्षं ‘टीमने केलं’ म्हणायची सवय. चांगली सवय आहे, पण मला टीमला घ्यायचं नाहीये. तसंच मॅनेजरशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत, या प्रश्नाला ‘आमच्यात कधी वाद झालेच नाहीत’ हे उत्तर. दहा वर्षांत एकदाही वाद नाही? मग एक तर तुम्ही गप्प बसलात, किंवा मला सांगत नाही आहात.

एआयबद्दल थोडक्यात. ऑनलाइन मुलाखतीत दुसऱ्या स्क्रीनवरचं उत्तर वाचणाऱ्याचे डोळे ओळीगणिक सरकताना दिसतात, आणि ‘हेच का?’ असं दोनदा विचारलं की उत्तर विरघळतं. काही कंपन्या म्हणूनच पुन्हा समोर बसवून मुलाखत घेऊ लागल्या आहेत. मला ते पटतं, ट्रॅफिक सोडून.

शेवटची पाच मिनिटं तुमच्या प्रश्नांसाठी असतात आणि बरेच जण ती ‘नो क्वेश्चन्स’ म्हणून परत करतात. नव्वद दिवसांची नोटीस देऊन तुम्ही ज्या घरात जाणार, त्याची चौकशी नको? ऑन-कॉलची पाळी किती जणांत फिरते, गेल्या महिन्यात रात्री कितीदा उठावं लागलं, मागचा मोठा घोळ झाल्यावर काय बदललं, हे विचारा. चांगल्या टीमचा माणूस या प्रश्नांवर खुलतो आणि वेळ संपली तरी बोलत राहतो. ‘आमच्याकडे असं काही होत नाही’ म्हणाला, तर ऑफर लेटर आल्यावर आणखी दोघांना फोन करा.