हातभर अंतरावरून

स्केटबोर्डिंगचे फोटो काढू लागलेला माणूस फार दिवस फिशआय लेन्सपासून लांब राहत नाही. आणि लेन्स घ्यायला निघाला की पहिला प्रश्न विचारतो तो अंशांचा. किती अंश दिसतं? 180 आहे ना? मी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत राहतो आणि सुट्टीचे दिवस लेक कनिंगहॅमच्या स्केटपार्कमध्ये सिमेंटवर आडवा पडून काढतो. माझं मत असं की अंशांचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. आधी पाहायचं ते हे, की ही लेन्स घेऊन मी किती जवळ जाऊ शकेन, तिथे फोकसची काळजी मला करावी लागेल का, आणि चौकटीच्या कडेला गेलेल्या माणसाची ती काय दशा करते.

आपल्याकडे स्केटिंग म्हटलं की चार चाकांचे बूट आणि शाळेच्या मैदानावर गोल गोल फिरणारी मुलं आठवतात. इथे मी बोलतोय ते फळीबद्दल : साधारण 8 इंच रुंद, 31-32 इंच लांब, पायांना कशानेही न बांधलेली. ती पायांसोबत हवेत उडते, कठड्यावरून घासत जाते, आणि बरेचदा मालकाला सोडून भलतीकडेच जाते. हा शेवटचा मुद्दा लेन्स निवडताना फार कामाचा आहे. त्याकडे येतोच.

फिशआय मुळात या कामासाठी जन्मलेली नाही. 1924 मध्ये रॉबिन हिल या इंग्रज शास्त्रज्ञाने अख्खं आकाश, म्हणजे ढग, एका चित्रात पकडता यावेत म्हणून अशी लेन्स वापरली. निकॉनने 1962 मध्ये 8 मि.मी.ची फिशआय बाजारात आणली, तेव्हाही हवामान आणि विज्ञानाची कामंच डोळ्यांसमोर होती. स्केटबोर्डिंगमध्ये तिला आणलं ते जागेच्या अडचणीने. 1976-77 मध्ये कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला, बंगल्यांच्या परसातले पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि मुलं त्यांच्या गोलाईदार भिंतींवर चढू लागली. तलावात मागे सरकायला जागा कुठली? साध्या लेन्समध्ये एक गुडघा आणि थोडी भिंत मावायची. ‘स्केटबोर्डर’ मासिकाच्या वॉरन बोल्स्टरने त्या काळात फिशआय मनसोक्त वापरली आणि पुढच्या पिढ्यांचं दृश्यवळणच ठरून गेलं.

फिशआयचं वाकडेपण सगळ्यांना दिसतं, पण फोटोतला दणका त्या वाकडेपणातून येत नाही. तो अंतरातून येतो. फळीचं टोक माझ्यापासून 30 सेंटिमीटरवर आणि स्केटरचं डोकं दीड मीटरवर असेल, तर फळी डोक्याच्या मानाने पाचपट मोठी दिसणार. कुठल्याही लेन्सने हेच प्रमाण येईल. फिशआय करते ते इतकंच, की एवढ्या जवळून सगळा माणूस, त्याच्या खालची भिंत आणि वरचं आकाश चौकटीत मावून जातं. म्हणूनच दोन-तीन मीटर लांब उभं राहून काढलेला फिशआयचा फोटो केविलवाणा असतो. माणूस मुंगीएवढा, आणि भोवती वाकलेलं पार्किंग.

आता कडांचं. जुनी 15 मि.मी. फिशआय फुल फ्रेम कॅमेऱ्यावर कर्णात 180 अंश दाखवते, पण आडवं साधारण 142 आणि उभं 92 अंशच. म्हणजे ते मिरवायचे 180 फक्त कोपऱ्यात असतात. बहुतेक जुन्या फिशआयचं गणित असं आहे की केंद्रापासून लांब गेलेली वस्तू केंद्राच्या दिशेने दाबली जाते : आडव्या कडेला तिची जाडी लांबीच्या मानाने दोन-तृतीयांश उरते, अगदी कोपऱ्यात निम्मी. कडेला गेलेला हात तिथे लाटल्यासारखा दिसतो. सॅमयांगच्या 8 मि.मी. लेन्सचं गणित वेगळं, ज्याला स्टिरिओग्राफिक म्हणतात. तिथे कडेची वस्तू मोठी होते, पण चेपली जात नाही. माणसांच्या फोटोंसाठी मला हे गणित जास्त पटतं. तरी ती लेन्स हाती आली म्हणून स्केटरला कोपऱ्यात ढकलू नका. केंद्रातून जाणारी रेषा कुठल्याही फिशआयमध्ये सरळच राहते, म्हणून कठडा किंवा रेलिंग केंद्रातून जाऊ द्यावं आणि वाकायचं काम क्षितिजाकडे सोपवावं. बोलमध्ये, म्हणजे वाडग्यासारख्या सिमेंटच्या खड्ड्यात, आणि फुल पाइपमध्ये हा प्रश्नच उरत नाही, कारण सगळंच आधीपासून गोल असतं. लेक कनिंगहॅमचा तो प्रचंड सिमेंटचा पाइप तर फिशआयसाठीच ओतलाय असं वाटतं.

जवळ जाण्याचे आकडे कॅटलॉगमध्ये फसवे असतात, कारण किमान फोकस अंतर सेन्सरपासून मोजतात, काचेपासून नाही. कॅननची 15 मि.मी. एफ 2.8 म्हणते 20 सेंटिमीटर, म्हणजे काचेपुढे जेमतेम 9. सिग्माची 15 मि.मी. 15 सेंटिमीटरवर फोकस करते, म्हणजे काचेपुढे चारेक. निकॉनची 16 मि.मी. 25 म्हणते, पुढे उरतात 14-15. आकड्यांवर सिग्मा जिंकते. पण स्केटबोर्ड काचेपासून चार सेंटिमीटरवर आला, तर फोकस ही तुमची शेवटची चिंता असेल. आपलं काम हातभर अंतरावर चालतं, आणि तिथे या तिन्ही सारख्याच.

फोकस तर मी कॅमेऱ्याकडे देतच नाही. 15 मि.मी. लेन्स, एफ 8, रिंग 95 सेंटिमीटरवर : अर्ध्या मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्वच्छ. एफ 11 केलं आणि रिंग 70 सेंटिमीटरपाशी आणली, तर 35 सेंटिमीटरपासून पुढे. रिंगवर चिकटपट्टी लावायची आणि विसरून जायचं. डोळा कॅमेऱ्याला लावायचीही गरज नसते, हात लांब करून कॅमेरा जमिनीलगत धरला तरी नेम साधतो. याचा अर्थ ऑटोफोकसची किंमत मोजायचं कारण नाही. रशियन झेनिटार 16 मि.मी. किंवा टीटीआर्टिझनची 11 मि.मी. यांसारख्या हाताने फोकस करायच्या लेन्स इथे अगदी चालतात.

जवळ गेल्याची एक शिक्षा मात्र आहे. सेकंदाला 5 मीटरने येणारा स्केटर 1/250 सेकंदात 2 सेंटिमीटर सरकतो. पाच मीटरवरून ते कुणाला दिसणार नाही, पण अर्ध्या मीटरवर हाच सरकाव सेन्सरवर दहापट मोठा उमटतो आणि बूट धुरकट होतो. म्हणून या धंद्यात पूर्वी हॅसलब्लाडच्या 30 मि.मी. फिशआयला देवत्व होतं. त्या चौकोनी फिल्मवर तीही कर्णात 180 अंश पाहते आणि शटर लेन्सच्या आतच असल्यामुळे 1/500 ला फ्लॅश जुळतो. साध्या कॅमेऱ्यांत ही मर्यादा 1/200 किंवा 1/250 असते. आज ISO 800, एफ 8 आणि 1/3200 ला भर उन्हात कॅमेरा कुरकुर करत नाही. पण खालून वर पाहताना टोपीखालचा चेहरा काळा पडतो, म्हणून फ्लॅश लागतोच. एवढ्या वेगाला तो जुळवायचा तर हाय-स्पीड सिंक वापरावं लागतं, आणि त्यात फ्लॅशची ताकद फार खर्च होते. हातभर अंतरावर ती पुरते. फ्लॅश कॅमेऱ्यावर बसवू नका, एवढा रुंद उजेड तो टाकू शकत नाही. डाव्या हातात धरा. स्टँडवर लावलात तर 142 अंशांतून तो लपवायचा कुठे, हे तुमचं तुम्ही बघा.

आता ती सुटलेली फळी. ती लेन्सवर आदळली तर आड काहीच नसतं. फिशआयची पुढची काच फुगीर असते, तिच्यावर फिल्टर बसत नाही आणि हूडच्या पाकळ्या नावापुरत्या असतात. म्हणून कॅननची 8-15 मि.मी. एफ 4 एल ही सुंदर पण महाग लेन्स मी कुणाला स्केटिंगसाठी सुचवत नाही. चित्राचा दर्जा अव्वल, पण 8 मि.मी.ला फुल फ्रेमवर ती काळ्या चौकटीत गोल चित्र देते. व्हिडिओवाल्यांना सोनी व्हीएक्स 1000 या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या जमान्यापासून गोल कडांची हौस आहे, छापील पानावर मात्र ती जागा फुकट जाते. आणि खरं सांगू? महाग काच हातात असली की माणूस नकळत फूटभर मागे सरकतो. मग फिशआय घेतली कशाला?

माझा भाचा पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये मित्रांचे फोटो काढतो. त्याने फोनवर विचारलं, “मामा, जुनी 15 स्वस्तात मिळतेय, घेऊन टाकू?” त्याचा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा. त्यावर 15 मि.मी. फिशआय जेमतेम 110 अंशांच्या आसपास येते आणि नुसती थोडी वाकडी वाइड लेन्स उरते. त्याला मी सॅमयांगची 8 मि.मी. घ्यायला सांगितली. निकॉनवाल्यांना 10.5 मि.मी.ही चालेल. टोकिनाची 10-17 मि.मी. झूम बरी आहे, पण स्केटिंगमध्ये तिचं 17 चं टोक क्वचितच लागतं.

फिशआय बॅगेतून काढूच नये अशाही जागा असतात. सॅन फ्रान्सिस्कोतल्या वॉलनबर्ग हायस्कूलच्या चार प्रचंड पायऱ्यांसारखी जागा असेल, तर धाव कुठून सुरू झाली आणि उतरायचं कुठे हे दिसल्याशिवाय उडीला मोल नाही, आणि ते लांबून, लांब पल्ल्याच्या लेन्सनेच दिसतं. उलट हातभर उंचीचा कठडा फिशआयने पुरुषभर उंच दाखवता येतो. स्केटर ही लबाडी एका नजरेत ओळखतात. आणखी एक रिवाज पाळा : ट्रिक पूर्ण करून स्केटर फळीवर उभा राहिला नसेल, तर फोटो कितीही देखणा असो, छापायला द्यायचा नाही.

फुल फ्रेम असेल तर जुनी कॅनन, सिग्मा किंवा निकॉन, जी चांगल्या अवस्थेत मिळेल ती घ्या. काचेवर बारीक ओरखडे असतील तर घाबरू नका, पण सूर्यासमोर धरून एक फोटो काढून बघा. वाचलेल्या पैशांत एक फ्लॅश आणि एक हेल्मेट घ्या, हेल्मेट स्वतःसाठी. आणि जमिनीवर आडवं पडण्याआधी स्केटरला विचारा, की पडलास तर फळी कुठल्या बाजूला जाईल. त्याला ते नक्की माहीत असतं.