दुपारच्या सत्राचं ऋण

माझ्या शिकवण्यात आज जे काही धड आहे, ते दोन ठिकाणांचं देणं आहे. एक पवईची आयआयटी मुंबई. दुसरं, आमच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातली एक साधी वर्गखोली. पवईची नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. त्या वर्गखोलीत आमची कार्यशाळा चालवणाऱ्या समन्वयक मॅडमचं नाव फारसं कुणाला माहीत नाही आणि ते छापलेलं त्यांना आवडणारही नाही. म्हणून इथेही त्यांना नुसतं मॅडम म्हणतो.

एम.ई. झालो आणि लगेच शिकवायला उभा राहिलो. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला थर्मोडायनॅमिक्स. कसं शिकवायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि ते शिकावं लागतं असंही मला वाटत नव्हतं. आदल्या रात्री नोट्स काढायच्या, सकाळी फळ्यावर डेरिव्हेशन उतरवायचं, ‘समजलं का?’ म्हणून विचारायचं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं मागच्या बाकांवर असत. ती ‘हो सर’ म्हणत. मीही त्यांच्यासारख्याच शाळेतून आलेला; त्या ‘हो सर’चा अर्थ मला खरं तर सगळ्यांत आधी कळायला हवा होता. पण पोर्शन वेळेत संपत होता, निकाल बरा लागत होता.

२००९ मध्ये केंद्र सरकारने माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. त्याच्या आधाराने आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक सरांनी दहा हजार शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा प्रकल्प उभा केला. आयआयटी खरगपूरही त्यात होती. त्याची रचना आज सोपी वाटते, तेव्हा ती नवी होती. देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दूरस्थ केंद्रं नेमायची. त्यांच्या समन्वयकांना आधी पवईला बोलावून तयार करायचं. मग मुख्य कार्यशाळेत व्याख्यान पवईहून, सगळ्या केंद्रांवर एकाच वेळी, थेट. अमृता विद्यापीठाने बनवलेल्या ‘ए-व्ह्यू’ प्रणालीवर ते दिसे आणि केंद्रातून हात वर केला की समोरून आपल्याशी बोलता येई. त्यानंतर ट्युटोरियल मात्र ज्याच्या त्याच्या केंद्रावर, समन्वयकाच्या हाती.

२०१२ च्या डिसेंबरात थर्मोडायनॅमिक्सची अशी कार्यशाळा झाली. पवईहून गायतोंडे सर शिकवत होते. मी गेलो तो प्रमाणपत्रासाठी. आम्ही बरेचसे त्यासाठीच आलो होतो, हे सांगायला आता हरकत नाही.

सकाळची व्याख्यानं उत्तम होती. माझ्यातला आळशी माणूस मनात म्हणाला की हे रेकॉर्डिंग मिळालं, की आपलं काम झालं. दुपारी मॅडमनी एक प्रश्न दिला. कडक भिंतींची, उष्णतारोधक आवरणातली एक टाकी आहे. आत पूर्ण निर्वात. बाहेरची हवा २७ अंश सेल्सिअस. झडप उघडली, हवा आत शिरली, दाब बाहेरच्याइतका झाल्याबरोबर झडप बंद केली. आतल्या हवेचं तापमान किती?

‘बोलायचं नाही. आधी प्रत्येकाने लिहा,’ मॅडम म्हणाल्या. कुणी २७ लिहिलं. कुणी लिहिलं की हवा प्रसरण पावली, म्हणजे थंड झाली असणार. मी सूत्र मांडलं आणि उत्तर काढलं: ३०० केल्विनला १.४ ने गुणायचं, ४२० केल्विन. म्हणजे सुमारे १४७ अंश सेल्सिअस. मी खूश होतो. मग मॅडम म्हणाल्या, ‘आता शेजाऱ्याला पटवा. सूत्र न वापरता.’

माझ्या शेजारी माझ्याहून वयाने मोठे, पॉलिटेक्निकमधून आलेले एक सर होते. ते शांतपणे म्हणाले, ‘अहो, बाहेरून उष्णता येत नाही म्हणता, आत काही जळत नाही म्हणता, मग एवढी हवा तापली कशाने?’ मला सांगता येईना. एन्थॅल्पी, एन्थॅल्पी म्हणत राहिलो. शेवटी आम्ही दोघांनी कागदावर टाकी काढली, बाहेरच्या हवेचा तेवढा गोळा काढला, आणि मग हळूहळू ध्यानात आलं, की त्या हवेला आत लोटणारं बाहेरचं सगळं वातावरण आहे. ते तिला ढकलतं, तिच्यावर कार्य करतं. ते कार्य टाकीतून बाहेर पडू शकत नाही, म्हणून हवा तापते. हे वाक्य मी मुलांना शिकवत होतो. दरवर्षी. चिन्हांत.

मॅडमनी उत्तर शेवटपर्यंत सांगितलं नाही. जे वाद मिटले नाहीत, ते त्यांनी कागदावर लिहून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माइक हातात देऊन म्हणाल्या, ‘विचारा पवईला.’ पडद्याचा उपयोग असा करायचा असतो, हे मी त्या माइकपाशी शिकलो. सकाळचं व्याख्यान दुपारच्या भांडणाला सामान पुरवत होतं आणि दुपारचं भांडण दुसऱ्या सकाळला प्रश्न.

परत आल्यावर मी उत्साहात व्याख्यानांची रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घालून मुलांत वाटली. ‘बघून या, वर्गात चर्चा करू.’ कुणी बघून आलं नाही. मी मॅडमना फोन करून मुलांबद्दल तक्रार केली. त्या ऐकून घेत म्हणाल्या, ‘सर, तासाभराचं व्याख्यान तुम्ही तरी घरी बघाल का? आठ-दहा मिनिटांचा तुकडा द्या. आणि त्याच्याबरोबर असा एक प्रश्न द्या, ज्याचं उत्तर घेऊन आल्याशिवाय वर्गात बसून मजा येणार नाही.’ माझ्या पुढच्या सगळ्या वर्षांचं शिकवणं या सल्ल्यावर चाललं आहे. त्यात भर मी घातली ती एवढीच, की मराठीत भांडायची मोकळीक दिली. वहीत इंग्रजी, वादात मराठी. तेव्हा मागचे बाक बोलायला लागले.

२०१७ च्या सुमारास आयआयटी मुंबईने ऑनलाइन आणि मिश्र अध्यापनावरच शिक्षकांसाठी अभ्यासक्रम घेतला. तोही स्वतः मिश्र पद्धतीचा. प्रा. सहाना मूर्ती, प्रा. श्रीधर अय्यर आणि त्यांचे सहकारी त्यामागे होते. त्यांचे व्हिडिओ मध्येच थांबायचे: इथे थांबा, विचार करा, लिहा, मग पुढे चला. मॅडम जे दुपारी करत, त्याला ‘थिंक-पेअर-शेअर’ म्हणतात आणि ते अमेरिकेतल्या फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलं, हे मला तिथे कळलं. पवईतल्याच प्रोग्रॅमिंगच्या शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गात ही पद्धत वापरून पाहिली, तेव्हा सरासरी ८३ टक्के विद्यार्थी त्या कामात गुंतलेले आढळले, असा शोधनिबंध त्या गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केला होता. मॅडमना हे सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या, ‘बरं झालं, नाव मिळालं.’

मग मार्च २०२० आला, टाळेबंदी लागली. सकाळ उरली, दुपार गेली. पडद्यावर काळे चौकोन, त्यांत आद्याक्षरं. घरात एकच स्मार्टफोन, तो वडिलांबरोबर शेतावर. रेंजसाठी मूल टेकाडावर. व्हिडिओ मी आधीच तोडून ठेवलेले होते, त्यामुळे सामान पोचवणं मला इतरांपेक्षा सोपं गेलं, हेही मॅडमचंच देणं. भांडण लावायची सोय मात्र नव्हती. चार-चार मुलांचे व्हॉट्सअॅप गट केले, टाकी कागदावर काढून फोटो टाका म्हटलं. थोडं जमलं. बरंचसं जमलं नाही. ज्यांना दुपारची सगळ्यांत जास्त गरज होती, तीच मुलं आधी गळाली.

मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मिश्र अध्यापनाचा आराखडा चर्चेसाठी काढला. अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवता येईल, असं त्यात होतं. आराखड्यात वर्गातल्या चर्चेबद्दलही चांगलं लिहिलेलं आहे. पण स्टाफरूममध्ये फक्त टक्के पोचले. कुठले ४० टक्के, हा प्रश्न आमच्या बैठकीत कुणी विचारेना, म्हणून मी विचारला. माझा विचार सरळ होता. जे एकट्याने ऐकून, थांबवून, पुन्हा ऐकून कळतं, ते घरी पाठवा. जे दुसऱ्याला पटवताना कळतं, त्यासाठी खोली राखून ठेवा. हा विचार माझा म्हणून मांडला गेला. तो माझा नाही.

त्याच वर्षी २० ऑक्टोबरला राज्यातली महाविद्यालयं पुन्हा उघडली. पहिल्या आठवड्यात मी नवं काही शिकवलं नाही. टाकीचा प्रश्न दिला.

मॅडम आता निवृत्त आहेत. व्हिडिओ, चाचण्या, हजेरीसुद्धा आता ऑनलाइन आहे आणि ते सगळं चांगलंच आहे. नव्याने रुजू होणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना एकच विनंती: वेळापत्रकात ट्युटोरियलचा जो तास उरला आहे, तो पोर्शन संपवायला घेऊ नका. पोर्शनचा व्हिडिओ करा, तो तास मुलांना भांडायला द्या.