चार्जिंगची की सेलची?

भारनियमन जोरात होतं त्या काळात सेलच्या बॅटऱ्या मी दुकानातून जवळजवळ हद्दपार केल्या होत्या. वसमतला माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. बॅटरी मागायला कुणी आलं की मी ठासून सांगायचो, "मामा, सेल घेऊन घेऊन किती घ्याल? चार्जिंगची न्या, कटकट मिटेल." आता तेच मामा आले तर मी त्यांच्यापुढे आधी सेलची ठेवतो. मग ऐकून घ्यावं लागतं, "का हो शेठ, तवा तर तुम्हीच चार्जिंगची गळ्यात मारली."

मारली, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. माझं मत फिरलं ते बॅटरीमुळे कमी आणि अंधारामुळे जास्त.

२००५ नंतरची काही वर्षं आठवा. वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली आणि त्याच सुमाराला विजेचा तुटवडा वाढत गेला. पुढे वीजगळती आणि बिलाची वसुली पाहून फीडरचे ए पासून जी पर्यंत गट पडले. ग्रामीण मराठवाड्याच्या वाट्याला तळाचे गट आले. लाईट जाण्याचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं. बायका त्यावर दळण ठरवायच्या, पोरं अभ्यास ठरवायची. अंधार रोजचा होता, पण सांगून येणारा होता. अशा घरात चार्जिंगची बॅटरी अगदी फिट्ट बसली. लाईट आली की भिंतीला, गेली की हातात. रोज भरायची, रोज रिकामी व्हायची. त्या वेळी दोन मोठे सेल आणि दिव्याचा बारीक गोळा असलेली बॅटरी वापरणं खरंच परवडत नव्हतं. गोळा तारेवर जळायचा, करंट खायचा, उजेड पिवळा पडत जायचा. म्हाताऱ्या बायका सेल काढून पत्र्यावर उन्हात ठेवायच्या, म्हणजे त्यांत थोडा जीव येईल. येतही असे, थोडाच वेळ.

पुढे लोडशेडिंग हळूहळू कमी झालं. गावठाणाचं फीडर शेतीपंपापासून वेगळं झालं, तिथं तर घरात लाईट बऱ्यापैकी राहू लागली. आणि मजा अशी की नेमक्या त्याच काळात माझ्याकडे बंद पडलेल्या चार्जिंगच्या बॅटऱ्यांची रीघ लागली. लाईट सुधारली आणि बॅटऱ्या मरू लागल्या.

सुरुवातीला मला वाटलं, माल हलका येतोय. थोडा हलका येतही होता. पण उघडून पाहायला लागलो तेव्हा खरं दुखणं दिसलं. त्या वेळच्या बहुतेक चार्जिंगच्या बॅटऱ्यांत चार व्होल्टचा शिसं-ॲसिडचा डबा असे. वापरून उतरलेला हा डबा तसाच ठेवला की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो. लगेच चार्ज केला तर तो विरघळतो. महिनोन्‌महिने पडून राहिला तर त्याचे कडक खडे होतात आणि मग कितीही वेळ भिंतीला लावा, डबा चार्ज घेत नाही. वापरला नाही तरी तो आपोआप थोडा थोडा उतरत राहतोच. रोज लाईट जायची तेव्हा हा डबा रोज भरला जायचा, म्हणून जगायचा. लाईट नियमित झाल्यावर बॅटरी कपाटावर गेली आणि तिथंच संपली.

उलट टोकाची मंडळीही होती. बुडाच्या दोन पिना ओढायच्या आणि आख्खी बॅटरीच सॉकेटमध्ये खोचायची, असा तो प्रकार. स्वस्त मालात भरल्यावर चार्जिंग आपोआप बंद होण्याची सोय नसे. "भरलेली राहील" म्हणून आठ-आठ दिवस ती भिंतीला लटकलेली. डब्यातलं पाणी आटून जाई, प्लॅस्टिक फुगे. असा फुगलेला डबा काउंटरवर ठेवून "गॅरंटी आहे ना?" असं विचारणाऱ्या माणसाला काय सांगणार?

आता आमच्याकडे लाईट जाते ती न सांगता जाते. मे महिन्यात वादळी वारं सुटतं, तारेवर लिंबाची फांदी पडते, पोल वाकतो. नाहीतर डीपी जळते, आणि डीपी जळाली की ती कधी बदलून येईल हे वायरमनलाही सांगता येत नाही. २०२२ च्या जुलैत आमच्याकडच्या कुरुंद्यात पुराचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा कुणाच्या हातात वेळापत्रक होतं? चार-सहा महिने गरजच पडत नाही, आणि पडते तेव्हा चार्जिंगला लाईटच नसते. अशा अंधाराला पडून राहिलेली, तरी पहिल्या बटनाला पेटणारी बॅटरी लागते.

शिवाय सेलवरचा माझा मुख्य आक्षेप खर्चाचा होता, तो एलईडीने काढून घेतला. निळ्या एलईडीसाठी तिघा शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल मिळालं, त्याची बातमी मी दुकानात बसून वाचली होती. हाच शोध आपल्या गल्ल्यावर येऊन बसलाय हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. तारेचा गोळा खात असे त्याच्या कितीतरी कमी करंटमध्ये एलईडी तेवढाच उजेड देतो. लाईट गेल्यावर तेवढ्यापुरतीच बॅटरी लावणाऱ्या घरात सेलची एक जोडी वर्षभर सहज पुरते. बॅटरीला न चालणारा पेन्सिल सेल पुढे भिंतीवरच्या घड्याळात बरेच दिवस चालतो, तो फायदा वेगळा.

माझ्या मुलाला हे पटत नाही. त्याचं म्हणणं, बाबा, शिशाचा डबा गेला, आता लिथियम आहे, टाईप-सी आहे, मोबाईलच्याच चार्जरवर भरा. लिथियमचा सेल पडून राहिला तर महिन्याला थोडासाच उतरतो, हे त्याचं बरोबर आहे. चांगल्या बॅटरीत १८६५० नावाचा सेल असतो, १८ मिलीमीटर जाड आणि ६५ मिलीमीटर लांब. तो बदलता येतो आणि चांगला टिकतोही. पण स्वस्त मालात तो आत डाग देऊन बसवलेला असतो. तो गेला की बॅटरी उकिरड्यावर. आणि हा सेल गावातल्या किराणा दुकानात मिळत नाही. साधा सेल चहापत्तीच्या पुड्याशेजारी मिळतो, रात्री दार वाजवलं तरी मिळतो. जुनी बॅटरी मंद होत होत विझायची, नवा सेल घाला असं आधी सांगायची. लिथियमची बरीचशी शेवटपर्यंत लख्ख पेटते आणि एकदम बंद होते.

मोबाईलचा उजेड आहेच की, असंही लोक म्हणतात. डीपी जळून दोन दिवस झाले की मोबाईल फक्त बोलण्यापुरता जपावा लागतो, एवढंच सांगतो.

सेलमध्येही खोड आहे, ती लपवत नाही. साध्या सेलचं बाहेरचं जस्ताचं भांडं हाच त्याचा एक भाग; करंट देताना ते खाल्लं जातं. पार उतरलेला सेल बॅटरीत राहिला तर भांड्याला भोक पडतं, आतला चिकट द्रव झिरपतो आणि स्प्रिंग गंजून हिरवी-पांढरी होते. अशा निम्म्या बॅटऱ्या मी नुसता काचकागद घासून चालू करून दिल्यात. काहीजण एक सेल उलटा घालून ठेवतात, म्हणजे बटन चुकून दाबलं गेलं तरी करंट वाहत नाही. युक्ती चांगली, पण ऐन अंधारात सेल सुलटा करायला पुन्हा उजेड लागतो! मी गिऱ्हाइकाला स्प्रिंग आणि सेल यांच्यामध्ये जाड कागदाची पट्टी घालून देतो, टोक बाहेर ठेवून. पट्टी ओढली की बॅटरी तयार.

उजेडाबद्दलही माझं मत बदललं. खोक्यावर "५ किलोमीटर" लिहिलेली बॅटरी मी छाती ठोकून विकली आहे. झोत कुठवर जातो ते मोजायची रीत अशी: उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतका, म्हणजे पाव लक्स उरतो तिथपर्यंतचं अंतर धरायचं. अंतर दहापट हवं तर झोत शंभरपट लागतो. हा हिशेब कळल्यावर ते खोकं मला गिऱ्हाइकापुढे धरवेना. लांबचा झोत रानडुकरं आणि रोही हाकलायला, राखणीला ठीक. स्वयंपाकघरात तो भिंतीवर आपटून डोळे दिपवतो, आणि बांधावर चालताना पायाखालचं दिसतच नाही.

शेतीची थ्रीफेज लाईट पाळीपाळीने दिवसा नि रात्री येते. रात्रीच्या पाळीला हळदीला पाणी द्यायला निघालेल्या माणसाच्या एका हातात फावडं असतं. त्याला मी आता डोक्याला बांधायची बॅटरी देतो, पसरट उजेडाची. मण्यार रात्रीच फिरते. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. हा आकडा वाचल्यापासून मी डोक्याच्या बॅटरीवर नफा कमी धरतो. बायकोच्या मते हा धंदा नव्हे.

राहिला प्रश्न बॅटरी घरात ठेवायची कुठं. आमच्या भागातल्या पांगरा शिंदेकडच्या लोकांना जमिनीतून येणारे आवाज कित्येक वर्षांचे ओळखीचे आहेत. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी ४.५ रिश्टरचा भूकंपाचा धक्का बसला, दहा मिनिटांनी दुसरा. जुलैत पुन्हा ४.५ चा. दोन्ही वेळा फटफटलेलं होतं. किल्लारी मात्र १९९३ साली पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी हादरली, उजाडायच्या कितीतरी आधी. म्हणून बॅटरी कपाटात, ड्रॉवरमध्ये नको. उशाजवळच्या खिळ्याला दोरीने अडकवा, आणि घरातल्या सगळ्यांना तो खिळा न बघता सापडला पाहिजे. ही दोरी मी फुकट बांधून देतो.

एवढं सगळं ऐकून परवा एका तरण्या पोराने विचारलं, "काका, ती पाच किलोमीटरवाली केवढ्याला?" राखणीला हवी होती म्हणे. दिली. बरोबर दोन सेलची लहान बॅटरी घ्यायला लावली, घरासाठी. ती घेताना त्याने पाच रुपये कमी करून घेतले.