दिल एकदम ओके... पण डोक्याचं काय?

आमच्या घरात एक डायलॉग ठरलेला आहे. पाहुणे येतात, छोट्याकडे बघून हळूच विचारतात आणि आई लगेच म्हणते, "आता अगदी नॉर्मल आहे हो!"

छोट्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, सध्या दहावीत. जन्मला तेव्हा निळा पडला होता. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची चक्क अदलाबदल झालेली. डॉक्टरी भाषेत ट्रान्सपोझिशन. अकराव्या दिवशी मुंबईत ऑपरेशन झालं आणि त्या वाहिन्या सोडवून जिथल्या तिथे जोडल्या गेल्या. ब्राझीलच्या अदिब जातेने यांनी १९७५ मध्ये हे ऑपरेशन पहिल्यांदा यशस्वी करून दाखवलं. आज छोट्या क्रिकेट खेळतो, चार मजले धावत चढतो. दरवर्षी टूडी एको होतो, डॉक्टर पाठ थोपटतात, आम्ही पेढे वाटतो. विषय संपला.

पण तो संपत नाही. "येताना दूध आण, इस्त्रीचे कपडे घे आणि काकूंना किल्ली दे," असं सांगितलं तर दूध येतं, कपडे दुकानात राहतात आणि किल्ली खिशात. गणिताची रीत पाठ असते, पण पेपर अर्धा सुटतो. प्रोजेक्ट कुठून सुरू करायचं हेच ठरत नाही, म्हणून तो सुरूच होत नाही. मित्रांनी मारलेला टोमणा त्याला दुसऱ्या दिवशी कळतो. शाळेचा शेरा, "हुशार आहे, पण मेहनत घेत नाही." आजीचं निदान, "लाडावून ठेवलाय!"

गेल्या वर्षी चेकअपला एक नवीन डॉक्टर होत्या. एको बघून झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "अभ्यासात कसं चाललंय? लक्ष लागतं का?" पंधरा वर्षांत हा प्रश्न आम्हाला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता.

त्यांनी समजावलं ते असं. बाळ पोटात असताना वारेतून येणारं ऑक्सिजनवालं रक्त जास्त करून मेंदूकडे जातं. ट्रान्सपोझिशनमध्ये वाहिन्याच उलट्या, त्यामुळे मेंदूच्या वाट्याला कमी ऑक्सिजनचं रक्त येतं. तेही शेवटच्या तीन महिन्यांत, म्हणजे मेंदू झपाट्याने वाढत असताना! त्यामुळे अशा बाळांचा मेंदू जन्मतःच जरा कच्चा असू शकतो. त्यात पुढे ऑपरेशन, हार्ट-लंग मशीन, आयसीयूतले दिवस. म्हणजे बिघाड हृदयात, पण बिल मेंदूच्याही नावावर फाटतं.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्याच टीनएजर्सचं असं असतं की! मलाही तेच वाटलं, म्हणून शोधाशोध केली. अमेरिकेत बोस्टनला १९८८ पासून याच ऑपरेशनच्या बाळांवर एक अभ्यास सुरू झाला. ती मुलं सोळा वर्षांची झाल्यावर त्यांतल्या १३९ जणांची तपासणी झाली, निष्कर्ष २०११ मध्ये आले. बहुतेकांची सर्वसाधारण बुद्धी ठीकठाक होती. पण ६५ टक्के मुलांना कधी ना कधी शिकवणीची, समुपदेशनाची किंवा विशेष शिक्षणाची मदत लागली होती. एमआरआयमध्ये साधारण तिघांतल्या एकाच्या मेंदूत काहीतरी वेगळं दिसलं. गडबड कुठे? लक्ष, स्मरणशक्ती, प्लॅनिंग आणि समोरच्याच्या मनातलं ओळखणं. म्हणजे नेमकं जे आठवीनंतर लागतं, ते. लहानपणी आई दप्तर भरून देते, तेव्हा हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

छोट्याची टेस्ट करायची ठरली तेव्हा घरात महाभारत झालं. बाबा म्हणाले, "एकदा त्याची छाती उघडली. आता डोकं कशाला उघडायचं?" या वाक्यामागे पंधरा वर्षांची भीती होती. त्यांना समजावताना मीही रडले. शेवटी दोन सिटिंगमध्ये, कोडी आणि ठोकळ्यांवर काम झालं. रिपोर्ट आला. समज उत्तम, शब्दसंपत्ती वयाच्या पुढे. मात्र कामाचा वेग आणि डोक्यात एका वेळी चार गोष्टी धरून ठेवणं, हे बरंच मागे.

बाबांनी रिपोर्ट दोनदा वाचला. म्हणाले, "म्हणजे आळशी नाही तो." बस्स, एवढंच.

पण खरा पेच पुढे होता. परीक्षेत जादा वेळेची सवलत मागायची तर सर्टिफिकेट हवं, म्हणजे शाळेला सगळं सांगायला हवं. छोट्या म्हणाला, "ताई, हार्टचं सांग. डोक्याचं नको."

या वाक्याने माझी झोप उडवली. छातीवरचा व्रण तो स्विमिंग पूलवर मिरवतो. ऑपरेशन झालेला मुलगा हिरो असतो. मात्र विसरणारा मुलगा 'ढ' ठरतो. अवयव बदलला की आपली सहानुभूतीही बदलते? बॉस, दोन्हींचं मूळ एकच आहे ना!

शाळेला सांगायचं की नाही, ते त्यानेच ठरवायचं असं आम्ही कबूल केलंय. तोवर घरात नियम बदललेत. एका वेळी एकच काम सांगायचं, तेही लिहून. फ्रिजवर व्हाइटबोर्ड. मोठ्या धड्याचे छोटे तुकडे. मोबाइलचे अलार्म. पुरेशी झोप आणि डॉक्टरांच्या परवानगीने रोज खेळ. शिवाय महिन्यातून एकदा काउन्सेलर, कारण अशा मुलांमध्ये चिंता आणि नैराश्यही जास्त आढळतं. चमत्कार झालेला नाही. पण किल्ली आता काकूंपर्यंत पोचते.

शंभरातलं साधारण एक बाळ हृदयाचा दोष घेऊन जन्मतं. सगळ्यांनाच असा त्रास होत नाही, दोष जितका गुंतागुंतीचा तितकी शक्यता जास्त. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, हृदयाचे जन्मजात दोषही त्यात येतात. म्हणजे वाचणारी मुलं वाढताहेत, शाळेत जाताहेत, उद्या तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसणार आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्येच सांगितलंय, की जास्त धोका असलेल्या मुलांची लहानपणी आणि पुन्हा अकरा-बारा वर्षांच्या आसपास मेंदूविकासाची तपासणी करा. आपल्याकडे हे अजून आपणच विचारावं लागतं. म्हणून तुमच्या भाच्याचं, पुतणीचं, मित्राच्या मुलाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर पुढच्या एकोच्या वेळी डॉक्टरांना एक जादा प्रश्न विचारायला सांगा. त्याला फी पडत नाही.