भाकर चावंना

दिवाळी आटोपली की धारूर, केज, वडवणीकडची गावं निम्मी रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला जातात ती पाच-सहा महिन्यांसाठी. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. माझी थोरली चुलती, आमची मोठ्याई, अशीच दोन नातवंडं सांभाळत मागं राहते.

तिचे दात मिसरीनं गेले असं मी म्हणतो; ती म्हणते, मिसरीमुळंच इतके दिवस टिकले. तव्यावर तंबाखू जाळायची, कुटायची आणि बोटानं हिरड्यांना लावायची. सकाळी, जेवण झाल्यावर, खुरपताना जरा टेकल्यावर. हिरड्या सुटल्या, दाढा हलायला लागल्या. हलली की तालुक्याला जाऊन काढून यायची. काढलेल्या जागी दुसरी बसवायची असते, हे ना तिच्या मनात आलं ना आमच्या. सत्तरीच्या आत तोंडाचं बोळकं झालं.

आधी शेंगदाणे सुटले, मग कांदा, मग हुरडा. शेवटी भाकर. सून घरी असायची तोवर पातळ आमटीत कुस्करून चालायचं. सून गेली की मोठ्याई लेकरांपुरत्या भाकरी थापायची आणि स्वतः चहात टोस बुडवायची. “मला भाकर चावंना, लेकरा. एकटीसाठी कुठं डाळ शिजवत बसू?” सकाळी टोस, रात्रीही टोस.

मग विसरणं सुरू झालं. तव्यावरची भाकर कोळसा होईपर्यंत ध्यानात यायची नाही. एकदा नातवाला रविवारी दप्तर देऊन शाळेत धाडलं. गाव म्हणालं, वय झालं. अंबाजोगाईला डॉक्टरांनी मात्र आधी विचारलं, “आजी, खाता काय?” रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी, बी-१२ त्याहून कमी. बी-१२ फार घटलं की स्मरणशक्तीवर परिणाम होतो आणि इंजेक्शनांनी काही अंशी तरी सुधारतो. पुढची हमी त्यांनी दिली नाही, ते बरंच केलं.

नंतर मी वाचत गेलो. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या बे वू यांच्या गटानं २०२१ साली १४ अभ्यास, म्हणजे सुमारे ३४ हजार माणसांची माहिती एकत्र केली. जास्त दात गमावलेल्यांत बुद्धी मंदावण्याचा धोका १.४८ पट दिसला. कवळी लावणाऱ्यांत मात्र हा फरक ठळक उरला नाही. यावरून दात पडले म्हणून स्मृती गेली, असं मी म्हणणार नाही. गरिबी आणि तंबाखू दोन्हीकडं नुकसान करतात. शिवाय विसरायला लागलेलं माणूस दातांकडंही बघत नाही. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या यादीत स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके आहेत, त्यात दात नाहीतच. शिक्षण कमी, ऐकू कमी, दिसायला कमी, एकटेपणा हे आहेत. मोठ्याईनं शाळेची पायरी चढलेली नाही, डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही आणि घर अर्धं वर्ष रिकामं.

तरी कवळी केलीच. पहिले काही आठवडे ती डबीतच होती, कारण टोचायची. दोनदा नेऊन घासून घेतली तेव्हा कुठं तोंडात बसली. आता ज्वारीची गरम भाकर आणि शिजवलेली मेथी जाते. बाजरीची अजून नाही. केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब वृद्धांसाठी काठी, चष्मा, श्रवणयंत्राबरोबर कृत्रिम दातही आहेत. पारावर सांगितलं तर लोक हसले. मोतीबिंदूच्या शिबिराला जीप भरून जातात हो, पण दात म्हणजे तरण्यांची हौस!

मोठ्याईच्या भाकरी आता करपत नाहीत. वार मात्र चुकतात. मिसरी सुटलेली नाही. कवळी रात्री पाण्यात ठेवायची आणि टोसाचा पुडा घरात आणायचा नाही, ही दोन्ही कामं नातीकडं दिलीत. पहिलं ती चोख करते. टोस तिलाही आवडतात.