गादी आणि गाणे

सत्ताधाऱ्यांना संगीत कळत नाही, हा आपला लाडका समज मला कधीच पटला नाही. पलटणी, कचेऱ्या आणि खजिना दिमतीला असूनही तीन मिनिटांच्या गाण्याला जे भितात, त्यांना गाण्याचे सामर्थ्य आम्हा रसिकांपेक्षा अधिक उमगलेले असले पाहिजे.

1952 साली डॉ. बा. वि. केसकरांनी नभोवाणी खात्याची सूत्रे हाती घेतली आणि चित्रपटगीतांना आकाशवाणीच्या दारातून जवळजवळ हद्दपार केले. अभिजात संगीताची प्रतिष्ठा वाढावी हा त्यांचा हेतू शुद्ध होता, आणि ती वाढलीही, हे श्रेय त्यांच्या पदरात टाकलेच पाहिजे. परंतु लोक यमन-भूपाकडे न वळता सरळ समुद्रापलीकडच्या रेडिओ सिलोनकडे वळले, आणि दर बुधवारी रात्री, आळीत ज्याच्या घरी रेडिओ असे त्याच्या ओटीवर अमीन सयानींच्या स्वराची वाट पाहत बसणाऱ्यांत दिवसा सरकारी दप्तर सांभाळणारे कारकूनही असत. 1957 मध्ये विविध भारती सुरू करून सरकारने आपल्याच फर्मानावर मुकाट्याने पाणी सोडले.

आणीबाणीत हेतूची शुद्धताही उरली नाही. सरकारच्या प्रचारकार्यात सहभागी होण्याचे नाकारले, एवढ्या गुन्ह्याखातर 1976 मध्ये किशोरकुमारांचा आवाज आकाशवाणीवरून बंद झाला. त्यानंतर 1977 च्या निवडणुकीच्या धामधुमीत, दिल्लीच्या रामलीला मैदानावरील जगजीवनरामांच्या सभेला माणसे जाऊ नयेत म्हणून दूरदर्शनने त्याच वेळी ‘बॉबी’ दाखवला, आणि लोक ऋषी कपूर-डिंपल यांना घरी एकटे सोडून सभेला गेले! चित्रपटावर जीव ओवाळून टाकणाऱ्या या देशाच्या रसिकतेचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही. केव्हा काय पाहावे, हे कळणे हीदेखील रसिकताच.

त्यानंतर दोनच वर्षांनी जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ आला. अरुण साधूंच्या कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, सुरेश भटांचे शब्द आणि हृदयनाथांची चाल असा तो दुर्मीळ योग होता. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री, लागूंचा अर्थमंत्री आणि त्या दोघांचे डाव पाहता पाहता भ्रमिष्ट होणारा निळू फुल्यांचा पत्रकार पुन्हा पाहताना आज जाणवते ते असे की, त्या काळी ज्याला आम्ही सत्तेचे नग्न दर्शन समजलो ते बरेच सोवळ्यातले होते; तिथले कारस्थानी निदान कारस्थान लपवीत. 2022 च्या जूनमध्ये आपले आमदार पक्षाशी बंड करून गुवाहाटीच्या पंचतारांकित हॉटेलात मुक्कामाला असताना त्यांतल्या एकाने दूरध्वनीवर केलेले झाडी-डोंगरांचे वर्णन राज्यभर पसरले, त्यावर गाणी रचली गेली आणि लग्नाच्या वरातींतही ती वाजली. पक्ष फुटल्याची हळहळ त्या ठेक्यात विरून गेली. गाण्याला मनाई करण्यापेक्षा आपणच गाणे होऊन जावे, ही युक्ती केसकरांना सुचली नव्हती.

ही युक्ती पुरेशी ठरती, तर मार्च 2025 मधला खारचा प्रसंग घडता ना. ‘दिल तो पागल है’ या 1997 च्या चित्रपटातील एका चालीवर कोणी विनोदकाराने त्याच बंडाचे नेते असलेल्या तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांवर विडंबन म्हटले, ते पसरताच जमाव ते जिथे म्हटले गेले त्या रंगमंचावर चालून गेला, खुर्च्या मोडल्या, आणि दुसऱ्याच दिवशी महापालिकेला तेथील बेकायदा बांधकामाचा साक्षात्कार झाला. अटक झालेल्यांना त्याच दिवशी जामीन मिळाला. ते विडंबन सरस होते की भिकार, हा प्रश्न श्रोत्यांच्या पदरी टाकता आला असता. मराठीत अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’पासून ती परंपरा आहे, आणि तिथे ज्यांची टर उडाली ते कवी हातोडे घेऊन निघाले नव्हते.

मनाई मला केसकरांचीही मान्य नव्हती आणि आजही नाही. पण तिची उघड जबाबदारी घेणारा एक मंत्री होता, लोकांनी त्याला नावानिशी दोष दिला, आणि तो त्याने सोसला. खारच्या मोडतोडीचे समर्थन करणारे पुष्कळ भेटले, हुकूम आपला होता असे म्हणणारा एकही नाही.