वर्तणूक : चांगली

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. त्यात आम्ही वर्षानुवर्षं 'चांगली' हा एकच शब्द लिहीत आलोय. सही हेडमास्तरांची, अक्षर माझं. हा शब्द मी इतक्या वेळा लिहिलाय की लिहिताना पोरगं डोळ्यांसमोरही येत नाही. गेल्या रमजानमध्ये मात्र या एका शब्दापायी माझा एक जुना विद्यार्थी तीनदा घरी येऊन गेला.

उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवते. हा मराठीत यथातथाच. 'ळ' त्याच्या तोंडून कधी नीट निघाला नाही. दहावीनंतर जिम, मग एका हॉटेलच्या दारात बाउन्सर, आणि आता मुंबईतल्या एका कंपनीच्या डायरेक्टरचा बॉडीगार्ड. नाव लिहीत नाही.

मला वाटायचं, बॉडीगार्ड म्हणजे सफारी, काळा चष्मा आणि कमरेला पिस्तूल. तो हसला. "बंदूक कहाँ, टीचर? उसका लायसन्स अलग होता है." एजन्सीच्या परवान्याबरोबर हत्यार येत नाही, त्यासाठी शस्त्र कायद्याखालचा वेगळा परवाना लागतो. याचं खरं काम साहेब पोचण्याआधीचं. हॉलला दारं किती, लिफ्ट बंद पडली तर जिना कुठे, सगळ्यात जवळचं हॉस्पिटल कोणतं, गाडी बाहेरच्या दिशेला तोंड करून उभी आहे का. साहेब आले की हाताच्या अंतरावर राहायचं आणि साहेबांकडे नाही, लोकांच्या हातांकडे बघायचं. स्वतःचे हात मोकळे ठेवायचे. हा शेवटचा नियम मुंबईत कुणी पाळू देत नाही म्हणे. मेमसाहेबांच्या पिशव्या, पावसात छत्री, पोरांची दप्तरं, सगळं त्याच्याच हातात. महिन्याला एवढे पैसे मोजून माणूस ठेवायचा आणि ऐन वेळी त्याच्या दोन्ही हातांत भाजी!

ऑक्टोबर 2024 मध्ये वांद्र्यात बाबा सिद्दिकींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांना तर पोलीस संरक्षण होतं. त्या रात्री मी या पोराला फोन केला होता. तो ड्यूटीवर होता, बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची आई माझ्याकडे येऊन रडली. दुसरं काम बघ म्हणून सांगा, म्हणाली. मी सांगितलं नाही. काय दुसरं काम दाखवणार होते?

त्याच्या कागदांसाठी मी तो कायदा वाचून काढला. खासगी सुरक्षा एजन्सींचा, 2005 चा. एजन्सीला परवाना हवा, तो तिने कार्यालयात दिसेल असा लावायला हवा. विनापरवाना धंदा केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 25 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. केंद्राच्या नमुना नियमांत गार्डला 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष, असं किमान 20 दिवसांचं प्रशिक्षण आहे. माजी सैनिक-पोलिसांना ते कमी. पण सोसायटीच्या गेटवर वही घेऊन बसणारे चाचा आणि डायरेक्टरच्या मागे चालणारा हा पोरगा, कायद्याच्या लेखी दोघं एकच. अंगरक्षकाची वेगळी परीक्षा नाही. परवानाही एजन्सीचा, माणसाचा नव्हे. ब्रिटनमध्ये असं काम कंत्राटावर करणाऱ्याला स्वतःच्या नावाचा परवाना काढावा लागतो, कंपनी बदलली तरी तो त्याच्याजवळच राहतो. आमच्या पोराने एजन्सी बदलली आणि चारित्र्य पडताळणीचे कागद पुन्हा पहिल्यापासून.

नियमांत एक गंमत सापडली. गार्डला इंग्रजी अक्षरं आणि 'अरबी अंक' वाचता यायला हवेत. तो खूश, अरबी तर मदरशात झालीच आहे! मी सांगितलं, बाबा, अरबी अंक म्हणजे आपले इंग्रजी 1, 2, 3. दोघंही बराच वेळ हसलो.

मग त्याने एजन्सी का बदलली ते सांगितलं. पहिल्या एजन्सीच्या सुपरवायझरने त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "क्लायंट के सामने तू सॅम." साहेबांना बोलायला सोपं पडतं म्हणे. दोन अक्षरी नाव आहे त्याचं, त्याहून सोपं काय असणार? ओळखपत्रावर खरं नाव, म्हणून ते शर्टाच्या खिशात उलटं. रोजा असला तरी बोलायचं नाही, तळघरातल्या पार्किंगमध्ये ड्रायव्हरांच्या मागे उभं राहून खजूर तोंडात टाकायचा. एक दिवस साहेबांनीच खिशातलं कार्ड मागून पाहिलं. काही बोलले नाहीत. पुढच्या सोमवारपासून ड्यूटी एका गोदामावर.

हे सगळं ऐकून मी संतापायला हवं होतं. पण सॅमचं प्रकरण मला आधीच माहीत होतं. तेव्हा त्याने फोन करून विचारलं होतं, टीचर, नाम छुपाना गलत है क्या? आणि मी म्हणाले होते, नोकरी टिकव, नावाचं काय घेऊन बसलास. वर्गात मी पोरांना हजेरीत पूर्ण नाव घेऊन हाक मारते, अर्धं नाव घेतलेलं मला चालत नाही. फोनवर मात्र माझ्या तोंडून हे निघालं. त्याला ते आठवत होतं. त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही.

नव्या एजन्सीच्या फॉर्ममध्ये ओळखणाऱ्या व्यक्तीने चार ओळी लिहायच्या होत्या. वरच्या ओळीत मी त्याचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. मग 'चांगली' लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. तो नववीत असताना शाळेच्या मीटर-बोर्डाने पेट घेतला होता. आम्ही शिक्षक आरडाओरड करत होतो आणि याने पहिलीची पोरं मागच्या जिन्याने हात धरून खाली नेली. मोजली. एक कमी भरली, तर पुन्हा वर गेला. ती मुलगी संडासात कडी लावून बसली होती. तेच लिहिलं, मराठीत.

त्याने कागद घेऊन मोठ्याने वाचला. 'गोंधळ' शब्दाशी आला आणि 'गोंधल' म्हणाला. मगरिबला दहाच मिनिटं उरली होती. मी म्हटलं, आता इथेच इफ्तार करून जा. दस्तरखान अंथरलं तर तो भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसला.